प्रतीक्षेची संहिता : आगमनकाळातील नित्यप्रार्थनेचा रूपबंध

नित्यपाठाची भक्तिपर संहिता समीक्षेच्या कक्षेत येते ती बहुधा दोनच वाटांनी : एक तर तिच्यातील तत्त्वज्ञान उलगडण्यासाठी, नाही तर तिच्या कर्त्याच्या चरित्राला पुरावा म्हणून. ती नेमक्या दिवशी, नेमक्या वेळी, समूहाने उच्चारावयाची संहिता आहे, ही वस्तुस्थिती मात्र वाङ्मयबाह्य मानून सोडून दिली जाते. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात पश्चिमी ख्रिस्ती परंपरेत म्हटल्या जाणाऱ्या सात ‘ओ’ अँटिफनांच्या बाबतीत हे सोडून देणे फार महागात पडते.

१७ ते २३ डिसेंबर या सात दिवशी, सायंप्रार्थनेतील मरियेच्या स्तोत्राला जोडून, रोज एक याप्रमाणे ही लघुगीते म्हटली जातात. आठव्या शतकापर्यंत ती रूढ झालेली होती. सर्वांचा घाट एकच. आरंभी संबोधन : अनुक्रमे प्रज्ञा, अदोनाय, इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उदय, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. मग त्या नामाचा विस्तार. मग ‘ये’ हे आज्ञार्थी क्रियापद. आणि शेवटी येण्याचे प्रयोजन. प्रतिमा बऱ्याचशा यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून आलेल्या. नावीन्य हाच वाङ्मयगुणाचा निकष मानणाऱ्या वाचकाच्या हाती येथे फारसे काही लागणार नाही.

पण क्रियापदाकडे पाहावे. ज्याला ‘ये’ म्हणून हाक मारली जाते तो, हाक मारणाऱ्यांच्याच श्रद्धेनुसार, येऊन गेलेला आहे. घडून गेलेल्या घटनेची वाट पाहणे हा विसंगत व्यवहार होय. दुसऱ्या आगमनाच्या श्रद्धेने तिचा धर्मशास्त्रीय उलगडा होतो. वाङ्मयीन उलगडा त्याने होत नाही. केवळ स्मरणाचा उपचार म्हणूनही ती निकालात काढता येत नाही, कारण स्मरणाला भूतकाळी क्रियापद पुरले असते. ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या खंडात स्मृती, अवधान आणि अपेक्षा या तिन्ही मनाच्या वर्तमानातच नांदतात असे प्रतिपादन केले, आणि त्यासाठी उदाहरण घेतले ते पाठ असलेल्या स्तोत्राच्या पठणाचे. अँटिफनाचा घाट या विवेचनाशी विलक्षण जुळतो : संबोधन स्मृतीतले, प्रयोजन अपेक्षेतले, आणि दोहोंना सांधणारे ‘ये’ उच्चाराच्या क्षणातले.

सातही लॅटिन संबोधनांची आद्याक्षरे उलट क्रमाने, म्हणजे इम्मानुएलपासून प्रज्ञेपर्यंत, वाचली असता ‘एरो क्रास’ हे शब्द मिळतात. अर्थ : उद्या मी असेन. सात दिवसांच्या हाकेला सातव्या सायंकाळी असे उत्तर मिळते. तेही मागे वळून वाचणाऱ्यालाच. हा योग कर्त्याने साधला की वाचकांनी शोधला? कर्ता अज्ञात आहे, आणि मध्ययुगीन इंग्लंडातील प्रथेत कुमारी मरियेला उद्देशून आठवे अँटिफन जोडलेले असल्यामुळे माला १६ डिसेंबरलाच सुरू होई. गंमत अशी की त्यामुळेही अर्थ मोडत नाही. ‘वेरो क्रास’, खरोखर उद्या, असा तो दृढच होतो. कर्त्याचा हेतू हा अर्थाचा एकमेव आधार मानणाऱ्या समीक्षेने येथे मौन पाळलेले बरे. हा अर्थ रोजच्या पठणाने, त्या क्रमाने आणि त्या तारखांनी घडवलेला आहे. तोच पाठ एका बैठकीत वाचला तर आद्याक्षरे दिसतील, पण प्रतीक्षा उरणार नाही.

चौथ्या अँटिफनात दाविदाच्या किल्लीला विनवणी आहे ती बंदिवानाला कारागृहातून बाहेर काढण्याची. डीट्रिख बोनहोफर यांनी २१ नोव्हेंबर १९४३ रोजी बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात तुरुंगातील कोठडीची तुलना आगमनकाळाशी केली आहे : दार बंद आहे आणि ते फक्त बाहेरूनच उघडता येते. त्यांच्या मनात हे अँटिफन होतेच असा दावा करण्याचे कारण नाही. एवढेच की शतकानुशतके रूपक म्हणून उच्चारली गेलेली प्रतिमा तेथे अक्षरशः खरी झाली, आणि तरीही तिचे रूपकत्व गळले नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

मराठी वाचकाला वाट पाहण्याचे काव्य अपरिचित नाही. ज्ञानदेवांच्या विरहिणी आहेतच. परंतु विरहिणीच्या प्रतीक्षेला दिनदर्शिका नाही, आणि तिचा स्वर एकटीचा आहे. अँटिफनातील विनवणी बहुधा ‘आम्हांला’ अशी अनेकवचनी असते. पंढरीत तर नाते उलटेच : तेथे विटेवर ताटकळतो तो देव. या फरकांमुळे एक परंपरा दुसरीहून उणी ठरत नाही, मात्र ‘भक्ती’ या एकाच शब्दाखाली दोन्ही कोंबल्या की हे फरक दिसेनासे होतात.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या, १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’ची रचनाही या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. त्याच्या ९५ अवस्वरांपैकी पहिले ३६ ख्रिस्तजन्माच्या अलीकडे थांबतात. ‘पहिले पुराण’ म्हणजे दुसऱ्याची प्रस्तावना, असे समजून अभ्यासक ते बायबलच्या जुन्या कराराच्या सारांशासारखे वाचत आले. सृष्टीच्या उत्पत्तीपासून मसीहाच्या उंबरठ्यापर्यंत श्रोत्याला ओवीओवीने थांबवून ठेवणारा हा विस्तार निव्वळ माहितीसाठी नसावा. ज्या नवदीक्षितांसाठी तो रचला गेला, त्यांच्यापाशी या प्रतीक्षेचा वारसा नव्हता. वाट पाहण्याजोगे काही होते, हेच त्यांना आधी कळायचे होते.