हिरकणीची वाट

निमंत्रणपत्रिकेवर आजच्या विषयाचं नाव जरा भारदस्त छापलंय, 'परीकथांतील स्त्री आणि नवी पुनर्कथने'. ते वाचून कोणी सिंड्रेला ऐकायला आलं असेल, तर तीही येईल मधे. पण महाडात उभं राहून या विषयावर बोलायचं तर सुरुवात लांबून कशाला करायची? रायगडाच्या रोपवेत जिथे बसतो, त्या पायथ्याच्या वाडीचं नावच हिरकणीवाडी आहे.

आधी एक खुलासा. आम्ही तिघं जण गेली काही वर्षं महाड आणि पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांमधून मुलांना गोष्टी सांगत फिरतो. आज इथे एकच जण उभा असला तरी बोलणं तिघांचं आहे, म्हणून 'आम्ही'. आणि जी टीका करणार आहोत, तिच्यातली निम्मी आमच्यावरच आहे. हिरकणीची गोष्ट आम्हीच किती तरी वेळा, डोळ्यांत पाणी आणून, चुकीच्या ठिकाणी जोर देऊन सांगितलेली आहे.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. गवळण गडावर दूध घालायला गेली, कोजागिरीचा दिवस, वेळ झाला, संध्याकाळी दरवाजे बंद झाले. पहारेकरी म्हणाले, आता सकाळीच. घरी तान्हं बाळ. ती पश्चिमेच्या त्या चिंचोळ्या माचीच्या टोकावर गेली आणि अंधारात कडा उतरून घरी पोचली. महाराजांना कळलं, तेव्हा त्यांनी तिला साडीचोळी देऊन गौरवलं आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला. तो हिरकणी बुरूज. इतिहासाच्या कागदांचा विषय आज नाही. आख्यायिका म्हणूनच आपण तिच्याकडे बघू, कारण मुलांच्या मनात ती आख्यायिका म्हणूनच जाते.

पोलादपूरकडच्या एका वाडीवरच्या शाळेत आम्ही ही गोष्ट रंगात येऊन सांगितली. आईची माया किती थोर वगैरे झालं. मागच्या ओळीतली चौथीतली एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, "मग बाळाजवळ कोन व्हतं?" आम्ही गडबडलो. म्हटलं, कोणी नव्हतं, म्हणूनच ती उतरली. तर म्हणाली, "बाळाचा बाप मंबईला व्हता का?"

आम्ही हसलो खरे. पण त्या वाडीवर निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला नाहीतर सुरतेला. गुरं, शेत, म्हातारी माणसं आणि लेकरं हे सगळं बायकांच्या अंगावर. त्या मुलीने गोष्टीतली रिकामी जागा बरोबर ओळखली होती, कारण तिच्या घरातही ती जागा तशीच रिकामी होती. काही जण सांगताना नवऱ्याला मोहिमेवर पाठवतात, काही जण त्याचं नावही काढत नाहीत. गोष्टीला त्याची गरजच पडत नाही.

आता दुसरी गोष्ट. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. मुलाचं, रायबाचं लग्न बाजूला ठेवून ते कोंढाण्यावर गेले. 1670 चा फेब्रुवारी. तिथेही कडा आहे, तिथेही रात्र आहे. दोन्ही आख्यायिका शेजारी ठेवून बघा. एकाच मुलखातल्या, दोन्हींत अवघड कडा, दोन्हींत मूल. तानाजी मोठे का, तर ते मुलाला सोडून गेले. हिरकणी मोठी का, तर ती मुलासाठी परत आली. पुरुषाचा मोठेपणा उंबऱ्याबाहेर पडण्यात, बाईचा उंबऱ्यात परत येण्यात. तानाजींना कडा चढायला दोर आहे, सोबत मावळे आहेत, आणि ती घोरपड आहे. त्या घोरपडीलासुद्धा नाव आहे, यशवंती! हिरकणीचा नवरा, बाळ, सासू, कोणालाच ठरलेलं नाव नाही. तानाजींच्या शौर्याला कोणी कमी लेखत नाही, आम्ही तर नाहीच. प्रश्न एवढाच, की ही वाटणी इतकी स्वच्छ कशी काय झाली, आणि आपल्याला ती इतकी वर्षं दिसली कशी नाही?

पण आमच्या मते खरी गोम पुढेच आहे. अंधारात तो कडा कोण उतरू शकेल? ज्याला तो माहीत आहे तो. गवळण रोज गड चढते-उतरते, गुरांमागे रान तुडवते, कुठे कातळ निसरडा, कुठे कारवीला धरून पाय टाकता येतो, हे तिच्या तळपायांना माहीत असणार. हे ज्ञान आहे, कामातून आलेलं. पण आपण सांगताना काय म्हणतो? मायेपोटी उतरली. माया हे उतरण्याचं कारण झालं, मान्य. पण मायेने पाय ठेवायला खाच सापडत नाही हो! गावात माया करणाऱ्या आया पुष्कळ होत्या. कडा एकीलाच येत होता.

आणि मग तो बुरूज. आख्यायिका स्वतःच सांगते की तो दोन कारणांनी बांधला, तिच्या सन्मानासाठी, आणि जिथून एक बाई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो म्हणून. राजाच्या बाजूने हे शंभर टक्के बरोबर आहे. किल्ला राखायचा तर असंच करायला हवं. पण गोष्ट म्हणून ऐका. बाईचं कौतुक झालं, तिला साडीचोळी मिळाली आणि तिला जी वाट माहीत होती ती बंद झाली. दरवाजाची वेळ तीच राहिली. दुसऱ्या दिवशी तिला उशीर झाला असता तर?

ही गोष्ट जुनी झाली असं कोणी म्हणू नये. एसटीची हिरकणी गाडी आहे, स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. 2022 च्या डिसेंबरात आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा तिथे हिरकणी कक्ष उघडला गेला. पुढच्या अधिवेशनात मुंबईतल्या कक्षाच्या धुळीबद्दल आणि गैरसोयीबद्दल त्यांनीच तक्रार केल्याचं आपण वाचलं. नाव देऊन झालं की सोय झाली असं समजायची आपली सवय या गोष्टीतूनच आली की काय, अशी शंका येते.

हाच प्रकार सावित्रीचा. इथे पुलाखालून वाहते ती नदी नव्हे, ती सावित्री निराळी, ब्रह्मदेवाची. यज्ञात आपल्या जागी दुसरीला बसवलं म्हणून तिने देवांना शाप दिला, ते कृष्णा, वेण्णा, कोयना होऊन पूर्वेकडे गेले आणि ही पश्चिमेला आपल्याकडे निघून आली, अशी महाबळेश्वरची कथा. रागावून उलट्या दिशेला चालू पडलेली बाई आपल्या गावातून वाहते, हे जाता जाता सांगितलं. आम्ही बोलतोय ती सत्यवानाची सावित्री. महाभारताच्या वनपर्वात ती रथात बसून आपला नवरा आपण शोधायला निघते. नारद सांगतात हा वर्षभरात मरणार, तरी ती निवड बदलत नाही. यमाच्या मागे चालत जाते आणि त्याच्याशी बोलत राहते. आधी सासऱ्याची दृष्टी, मग त्यांचं राज्य, मग आपल्या वडलांना शंभर मुलगे, मग स्वतःला शंभर मुलगे. इथे यम अडकतो, कारण नवऱ्याशिवाय ते कसं होणार? वकिलाला शोभेल असा युक्तिवाद आहे हा. आणि आपण त्यातून काय उचललं? उपास आणि वडाभोवतीचा दोरा. वादात जिंकलेल्या बाईची आपण व्रत करणारी बाई केली. बुद्धी गाळली, निष्ठा ठेवली.

सिंड्रेला, हिमगौरी यांच्याकडे या बाजूने पाहिलं की काम सोपं होतं. त्यांच्यात चांगली मुलगी बहुतेक वेळ झोपलेली, काचेच्या पेटीत नाहीतर राखेत बसलेली. ज्या बाईला काही येतं, औषधं, मंत्र, डावपेच, ती चेटकीण किंवा सावत्र आई. आपल्याकडे रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मध्ये दिलीप प्रभावळकरांनी चेटकीण केली आणि पोरं तिच्यावरच खूश! राजकन्या काय करते ते फारसं कोणाला आठवत नाही. मुलांना कर्तबगार माणूस आवडतो, मग तो वाईट का असेना.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे मूळ गोष्टींना हात लावू नका. कुठलं मूळ? ग्रिम बंधूंच्या 1812 च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठणारी बाई तिची सख्खी आई होती. 1819 च्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र केलं, म्हणजे आईची प्रतिमा वाचली आणि पुढच्या सगळ्या सावत्र आयांच्या माथी कायमचा डाग लागला. पेरोने 1697 मध्ये सिंड्रेलाची गोष्ट लिहिली, तीसुद्धा आधीच लोकांत फिरत होती. जुन्या गोष्टी बदलूनच जुन्या झाल्यात. आणि आपल्या बायका काही गप्प ऐकत नव्हत्या. जात्यावर बसून त्यांनी सीतेची बाजू घेतली आणि रामाला बोल लावले. तारा भवाळकरांनी 'सीतायन'मध्ये ते मांडलंय. ताराबाई शिंद्यांनी तर 1882 मध्येच 'स्त्री-पुरुष तुलना'त विचारून ठेवलं, की सावित्री यमाकडे गेली, पण बायकोसाठी त्या रस्त्याला लागलेला एखादा नवरा कोणी ऐकलाय का? आणि या गावाला तर हे सांगायलाच नको. 25 डिसेंबर 1927 ला इथे मनुस्मृती जाळली गेली, आणि त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी स्वतंत्र बोलले, तेव्हा त्यांनी लुगडं नेसायची पद्धत बदलली. आपल्याबद्दल दुसऱ्यांनी रचलेली गोष्ट अंगावरून उतरवणं म्हणजे काय, ते महाडने पाहिलंय.

म्हणून नव्या पुनर्कथनांबद्दल आम्ही उत्साही आहोत, पण सरसकट नाही. राजकन्येच्या हातात तलवार दिली की झालं, असं नव्हे. तलवार पुरुषाची, गोष्ट पुरुषाची, फक्त पात्र बदललं. असली पुस्तकं मुलं एकदा वाचतात आणि ठेवून देतात. 2019 चा 'हिरकणी' चित्रपट आम्हाला त्या मानाने आवडला. आख्यायिकेत एका वाक्यात संपणारा कडा पडद्यावर बराच वेळ चालतो, तिला दमू देतो, घाबरू देतो. पण कारण तिथेही आईपणच, आणि त्यापलीकडे पाहायला सवड नाही. त्यापेक्षा आपली भोपळ्यात बसून लेकीच्या गावाहून परतणारी म्हातारी बघा. तिच्या गोष्टीत राजपुत्र नाही, व्रत नाही. वाघाला तिने थापा मारून लांबवलंय आणि तूप-रोटी खाऊन, जाडजूड होऊन घरी निघालीय. तिला नव्याने सांगायची गरजच पडलेली नाही. नुसती सांगायला हवी, आणि आपण सांगत नाही.

हिरकणीची गोष्ट आम्ही टाकून दिली नाही. आता ती कडा उतरते तिथे आम्ही थांबतो, आणि मुलांनाच विचारतो की पाय कुठे टाकला असेल. वाडीवरच्या मुलांना हे बरोबर सांगता येतं, मुलींना जास्त, कारण लाकडाला त्या जातात. बाळाजवळ कोण होतं, तेही विचारतो. बुरूज बांधून झाला की पुन्हा थांबतो आणि विचारतो, "आता उद्या उशीर झाला, तर ती काय करेल?"

एक मुलगा म्हणाला, पहारेकऱ्याला दूध देईल, तो सोडेल. एक जण म्हणाला, महाराजांना सांगून दरवाजा उशिरा लावायला लावेल. ती मागच्या ओळीतली मुलगी, आता पाचवीत गेलीय, तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "ती बाळाला पाठीशी बांधून वर जाईल. आन दुसरी वाट बघून ठेवील, कोनाला सांगनार नाय."