पिंजऱ्याचे दार उघडल्यानंतर

वसई तालुक्यातील सांडोर येथील एका शाळेत आम्ही गिधाडांविषयी बोलायला गेलो होतो. सांडोर हे केळीच्या, फुलांच्या आणि भाजीच्या वाड्यांचे गाव. वर्गाच्या भिंतीवर मुलांनी वर्तमानपत्रांतील कात्रणे चिकटवून एक तक्ता केला होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : 'गिधाडे परत आली!' व्याख्यान संपल्यावर सातवीतील एका मुलीने विचारले, "सर, आपल्या तुंगारेश्वरात पण गिधाडे सोडतील का? आणि सोडली तर ती खातील काय?"

पहिल्या प्रश्नावर आम्ही "बघू या" म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्याचे नीट उत्तर त्या दिवशी आम्हांला देता आले नाही. खरे तर सगळा विषय त्या दुसऱ्या प्रश्नातच आहे. पिंजऱ्याचे दार उघडल्याचे छायाचित्र छापून आले की कार्य सिद्धीस गेले, अशी समजूत वर्तमानपत्रे करून देतात. आणि आम्ही विज्ञानातली माणसेही ती खोडून काढत नाही. या लेखात टीका आहे ती या सांगण्याच्या पद्धतीवर.

आधी थोडा इतिहास. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीची सुमारे ९७ टक्क्यांनी. रोगाची साथ असावी, कीटकनाशके असावीत, असे अनेक तर्क झाले. अखेर २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मेलेल्या गिधाडांच्या तपासणीवरून कारण दाखवून दिले. गुरांना सूज व वेदना कमी करण्यासाठी टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध ते कारण होते. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. रक्तातील युरिक आम्ल बाहेर टाकले जात नाही आणि आतील अवयवांवर त्याचा खडूसारखा पांढरा थर साचतो. काही दिवसांत पक्षी मरतो.

हरियाणातील पिंजोर येथे राज्याचा वनविभाग आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी मिळून गिधाडांचे प्रजनन केंद्र उभे केले. जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. अशा पक्ष्याची पैदास करणे हे फार चिकाटीचे काम आहे, आणि ते या केंद्राने करून दाखविले. याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. तेथूनच जानेवारी २०२४ मध्ये २० गिधाडे महाराष्ट्रात आली. पांढऱ्या पाठीची १० ताडोबाच्या बोटेझरी येथे आणि लांब चोचीची १० पेंचमध्ये ठेवण्यात आली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात सरावल्यावर पाठीवर यंत्रे बसवून ऑगस्टमध्ये ती मोकळी झाली.

मोकळी झाली, पण कशात? हे कळण्यासाठी एक आकडा शिक्षकांनी फळ्यावर लिहावा, असे आम्ही सुचवतो. २००४ मध्ये केलेल्या गणितानुसार गिधाडे ज्या वेगाने नाहीशी होत होती, तेवढ्या नाशाला ७६० ते १३० मृत जनावरांत एक विषारी जनावर पुरेसे होते. एवढे थोडे कसे पुरते? एका मेलेल्या म्हशीवर एकाच वेळी अनेक गिधाडे उतरतात, आणि एक गिधाड वर्षभरात अनेक जनावरे खाते. आता याच्या शेजारी दुसरा आकडा लिहू. २००४-०५ मध्ये देशात तपासलेल्या मृत गुरांपैकी सुमारे १० टक्क्यांच्या यकृतात हे औषध सापडले होते, म्हणजे दहांत एक!

सरकारने २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकडे वळवल्या जात, म्हणून २०१५ मध्ये त्यांच्यावरही बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड यांचाही गुरांसाठीचा वापर बंद झाला. ही पावले योग्यच आहेत. पण ७६० मध्ये एक इतकी बारीक चाळणी लावायची, तर बंदीचा कागद पुरत नाही. मृत जनावरे प्रत्यक्ष तपासावी लागतात.

कारण दूर न करता पक्षी सोडले तर काय होते, हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया कॉन्डॉरने दाखवून दिले आहे. १९८७ मध्ये जगात हे पक्षी अवघे २७ उरले होते आणि ते सर्व पिंजऱ्यात होते. १९९२ पासून ते सोडण्यास सुरुवात झाली. आता त्यांची एकूण संख्या ५०० च्या वर आहे. पण शिकाऱ्यांच्या शिशाच्या गोळ्यांचे तुकडे मेलेल्या प्राण्यांबरोबर पोटात जाऊन ते आजही मरतात. त्यांना वारंवार पकडून रक्त तपासावे लागते, विषबाधा असल्यास उपचार करून पुन्हा सोडावे लागते. पक्षी आकाशात आहे, पण दवाखान्याच्या नोंदवहीतून त्याचे नाव निघालेले नाही.

आपल्याकडे गिधाडे सोडण्यापूर्वी सभोवती सुमारे १०० किलोमीटर त्रिज्येचा सुरक्षित टापू असावा, अशी कल्पना आहे. ती चांगली आहे. पण पक्ष्याला नकाशा माहीत नसतो. ताडोबात सोडलेले एक गिधाड सुमारे ४००० किलोमीटर भटकत तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात पोहोचले आणि तेथे विजेच्या तारेचा धक्का बसून मेले. त्याच्या पाठीवर यंत्र होते म्हणून निदान त्याची कथा आपल्याला कळली.

यावर कोणी विचारील, मग सारा देश शुद्ध होईपर्यंत गिधाडे पिंजऱ्यातच ठेवायची काय? आम्ही तसे म्हणत नाही. पाठीवर यंत्र असलेले गिधाड हा कोळशाच्या खाणीत नेल्या जाणाऱ्या पिंजऱ्यातील पक्ष्यासारखा परीक्षक आहे. धोका कुठे आहे हे तोच सांगेल. परंतु परीक्षक म्हणून सोडायचे तर निकालही जाहीर करायला हवा. किती मृत जनावरे तपासली, कितींत औषध सापडले, किती पक्षी मेले आणि कशाने, हे आकडे सोडण्याच्या समारंभाइतक्याच ठळकपणे छापून यावेत. यश किती सोडली यावर मोजू नये. पाच वर्षांनी किती जगली आणि त्यांनी रानात किती पिल्ले वाढवली, यावर मोजावे.

दुसरी एक वाट आपल्या कोकणातच आहे. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगाव येथे महाडच्या सिस्केप संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन रानटी गिधाडांची वस्ती सांभाळली आहे. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाडा येथेही मृत गुरे गिधाडांसाठी ठेवण्याची जागा केली गेली. तेथे फीत कापून दार उघडायचे नसते, म्हणून छायाचित्रही कमी छापले जाते. पण त्या मुलीच्या प्रश्नाचे, "खातील काय?" याचे उत्तर या गावांनी आधी शोधले.

आता तिला द्यायचे उत्तर. तुंगारेश्वर अभयारण्यात झाडे आहेत, कडे आहेत. पण गिधाडाचे ताट अभयारण्यात मांडलेले नसते. ते आसपासच्या गोठ्यांत आणि तबेल्यांत असते. वसई-विरारच्या तबेल्यातील म्हैस आजारी पडली तर तिला कोणते इंजेक्शन मिळते, आणि ती मेली तर कुठे जाते, हे आधी कळले पाहिजे. तोपर्यंत तेथे गिधाडे सोडू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिक्षकांनी हे काम मुलांबरोबर सुरू करावे. आजी-आजोबांना विचारा, ताडामाडावर गिधाड शेवटचे कधी पाहिले? गुरांच्या डॉक्टरांना शाळेत बोलवा आणि दुखण्यावर ते काय देतात ते विचारा. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक ठरलेले औषध आहे, हे गोठेवाल्यांना सांगा. उत्तरे तारखेसह वहीत लिहून ठेवा. तक्ता भिंतीवरून काढायची गरज नाही. त्यातील उद्गारचिन्हाच्या जागी सध्या प्रश्नचिन्ह काढावे, इतकेच.