अभिकल्प-विचाराचे अध्यापन : एक चिकित्सा

सहानुभूती, समस्यानिश्चिती, कल्पनानिर्मिती, प्रतिकृती व चाचणी या अभिकल्प-विचाराच्या पाच पायऱ्या केवळ लेखी उत्तरापुरत्या उरल्यास नवोपक्रम हाही पाठांतराचा विषय ठरतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात गावाच्या गरजा हेच शिक्षणाचे साधन झाले. पाली परिसरातील विद्यार्थ्यांसमोर बिंदुसरा प्रकल्प आणि बीडजवळील निजामशाहीकालीन खजाना विहीर आहे. उपसा न करता भूमिगत मार्गाने, केवळ उताराच्या आधारे पाणी शेतापर्यंत नेणारी ही रचना भूमीच्या निरीक्षणातूनच साकारली. मात्र फसलेल्या प्रतिकृतीच्या प्रामाणिक नोंदीस मूल्यमापनात गुण नसतील, तर विद्यार्थी सुरक्षित उत्तरच निवडतील. म्हणून अभ्यासक्रमाआधी मूल्यमापनपद्धती बदलणे अगत्याचे आहे.