‘कोसला’चा नायक अंतर्मुख आहे काय?

कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख व बहिर्मुख हे व्यक्तिमत्त्वप्रकार मांडले, तेव्हा मानसिक ऊर्जेचा ओघ स्वतःकडे आहे की बाह्य विषयाकडे, हा त्यांचा निकष होता, अबोलपणा नव्हे. निव्वळ एकाच प्रकारचा माणूस त्यांनाही अभिप्रेत नव्हता. मराठी समीक्षेत मात्र ‘अंतर्मुख नायक’ हे विशेषण पुष्कळदा एकाकीपणाला पर्याय म्हणून सैलपणे योजले जाते.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर या विशेषणात मावत नाही. पुण्याच्या वसतिगृहात तो मेसचा कारभार अंगावर घेतो, स्नेहसंमेलनात पुढे असतो, मित्रांसाठी वडिलांचे पैसे उधळतो. हे वर्तन बहिर्मुखच म्हणावे लागेल. पुढे आर्थिक ओढाताण, भ्रमनिरास आणि धाकट्या मनीचा मृत्यू यांनी तो मिटत जातो. या मिटण्याला उपजत स्वभाव म्हटले, की मनीच्या मृत्यूचा आघातच वाचनातून निसटतो. शीर्षकातला कोश जन्मासोबत आलेला नाही, तो विणला गेला आहे. शिवाय (हे सहसा नजरेआड होते) मिटलेला पांडुरंगच ही सारी कहाणी मोकळेपणाने, थट्टेखोरपणे वाचकाला सांगत असतो.