रंगीत पेन्सिलीतील पांढरा : राखलेला आणि लावलेला

रंगीत पेन्सिलीने काढलेल्या चित्रांचे परीक्षण करताना 'पांढरा राखावा, लावू नये' हे सूत्र प्रमाण मानण्याची प्रथा आहे. कागदाचा पांढरेपणा अस्पर्श ठेवणारा चित्रकार शुद्ध मार्गाचा, आणि शेवटी अपारदर्शक पांढऱ्याचा हात देणारा पळवाट शोधणारा, असा या सूत्राचा इत्यर्थ होय. एका विद्यार्थी-प्रदर्शनात प्रस्तुत लेखकाने याच सूत्राच्या आधारे, करड्या कागदावर काढलेल्या मोगऱ्याच्या एका चित्राला खालचे स्थान दिले होते. तो निर्णय चुकीचा होता, असे आता वाटते. चूक नेमकी कोठे होती, याची छाननी करणे हा या टिपणाचा हेतू आहे.

प्रथम सूत्रामागील वस्तुस्थिती पाहू. पांढरी पेन्सिल गडद रंगावर ओढली असता शुभ्रता उमटत नाही. खालचा रंग फिका, दुधाळ होतो इतकेच. याचे कारण पेन्सिलीच्या घडणीत आहे. तिच्या कांडीत रंगद्रव्याबरोबर मेण वा तेल आणि खडू, शंखजिरे, चिनी माती यांसारखी भर असते. एखादा कण अपारदर्शक दिसतो, तो त्याचा वक्रीभवनांक व भोवतालच्या माध्यमाचा वक्रीभवनांक यांतील अंतरामुळे. खडूचा अंक सुमारे १.६ व हवेचा १. म्हणून फळ्यावरील कोरडा खडू पांढराशुभ्र दिसतो. तोच खडू मेणात कालवला की मेणाचा अंक सुमारे १.४४ असल्याने अंतर उरत नाही, आणि तो जवळजवळ पारदर्शक होतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा अंक सुमारे २.७, मेणातही त्याची शुभ्रता टिकते. परंतु पेन्सिलीचा थर अत्यंत पातळ असतो. शिवाय कागदाचे रंध्र मेणाने एकदा बुजले म्हणजे पुढचे थर त्यावर धरत नाहीत. यास्तव सूत्रात तथ्य आहे. मात्र ते माध्यमाविषयीचे तथ्य आहे, नीतीचे नव्हे.

प्रत्यक्ष व्यवहारात पांढरा साधण्याच्या ज्या रीती आहेत, त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिला राखण्याचा. जागा मोकळी सोडणे. बोथट टोकाने कागदावर आधी खोलगट रेषा दाबून घेणे, म्हणजे वरून फिरणारी पेन्सिल त्या खाचेत उतरत नाही. किंवा पांढरी पेन्सिल सर्वांआधी लावून नंतरच्या रंगांना अटकाव करणे. दुसरा वर्ग लावण्याचा. गवाश, पांढरी शाई, अथवा अलीकडे वापरात आलेली टायटॅनियम डायऑक्साइडची पूड. यांतही अडचणी आहेतच : पाण्यात कालवलेला रंग मेणाच्या थरावर थेंबाथेंबांनी गोळा होतो. पात्याने वरचा थर खरवडून कागद उघडा करणे ही या दोहोंमधली रीत. तिला राखलेला म्हणावे की लावलेला, याविषयी मतभेद संभवतो. परिणामाच्या दृष्टीने ती पहिल्या वर्गाजवळची, कारण दिसतो तो कागदच.

आता प्रश्न असा की, न लावलेला रंग 'रंग' कसा ठरतो? भाषाभ्यासकास या प्रश्नाचे उत्तर परके नाही. 'घर'चे अनेकवचन 'घरे' होते. 'दगड'चे अनेकवचन 'दगड'च राहते. 'दोन दगड' या प्रयोगात अनेकवचनाचा प्रत्यय नाही असे न म्हणता तो शून्यरूप आहे असे आपण म्हणतो, आणि पाणिनीय परंपरेने लोपाची जी व्यवस्था लावली तीही याच जातीची आहे. परंतु हे शून्य अर्थवाही होते ते 'घर–घरे' असा भेद अन्यत्र प्रकट असल्यामुळेच. भोवताली चिन्हांकित रूपे नसती, तर शून्य हे केवळ काही नसणे झाले असते. राखलेल्या पांढऱ्याचेही तसेच. मोकळा कागद पांढरा 'दिसतो' तो शेजारच्या छायेमुळे. शेजारचे रंग परस्परांना कसे बदलतात, हे शेव्हरलने १८३९ मध्ये सविस्तर मांडलेच होते. आपल्याकडे गावठाणाच्या जमिनीला 'पांढरी' म्हणतात ते शेताच्या 'काळी'च्या तुलनेने. ती माती काही चुन्यासारखी पांढरी नसते.

मग ज्या कागदाचा मूळ रंगच पांढरा नाही तेथे काय? तेथे शून्याचा अर्थ बदलतो. करड्या वा निळ्या कागदावर मोकळी जागा म्हणजे मध्यम छटा. पांढरा तेथे प्रत्ययाने, म्हणजे लावूनच, व्यक्त करावा लागतो. आल्ब्रेख्त ड्यूररचे १५०८ मधील जोडलेल्या हातांचे रेखन याचे सर्वपरिचित उदाहरण होय. कागद निळा, छाया कुंचल्याच्या गडद रेघांची, आणि बोटांवरील उजेड पांढऱ्या रंगाच्या बारीक रेघांनी दिलेला. तो पांढरा काढून टाकल्यास हातांची उभारी नाहीशी होईल. तेथे राखण्यासाठी पांढरे काही नव्हतेच. त्याच्याच १५०२ च्या सशाच्या चित्रात कागद उजळ असून पार्श्वभूमी मोकळी सोडली आहे. तरीही लवेतील उजळ केस अपारदर्शक रंगाने तपकिरी थरावर ओढले आहेत. ही माध्यमे कुंचल्याची आहेत, पेन्सिलीची नव्हेत, हे खरे. पण तत्त्व तेच आहे. पांढरा राखावा की लावावा हे कागदाच्या रंगानेही सर्वस्वी ठरत नाही. तो पांढरा ज्या जागी यावयाचा, त्या जागेची भूमी कोणती, यावर ते ठरते.

लावलेल्या पांढऱ्याविरुद्ध एक आक्षेप मात्र खरा आहे. पांढऱ्या कागदावर सर्व उजेड राखून साधावा, आणि डोळ्यातील एकच तिरीप शाईने द्यावी, असे पुष्कळदा होते. कागदाचा पांढरा किंचित उबदार व मऊ, शाईचा थंड व घट्ट. दोन पांढरे एकाच चित्रात भांडू लागतात आणि तिरीप डोळ्यातून सुटून पृष्ठभागावर येते. काळानुसार हे अंतर वाढते, कारण लिग्निनयुक्त कागद पिवळा पडत जातो आणि टायटॅनियम पांढरा तसाच राहतो. येथे भाषेचे साम्यही संपते : शून्य प्रत्यय म्हातारा होत नाही, कागद होतो. हा दोष लावण्याचा नव्हे. दोन व्यवस्था विचार न करता मिसळण्याचा आहे. ड्यूररच्या सशात उजळ केस सर्वत्र पसरलेले आहेत, म्हणून ते एक व्यवस्था होतात. एकाकी ठिपका होत नाही.

तेव्हा परीक्षकाने विचारावयाचा प्रश्न 'पांढरा लावला का?' हा नव्हे. 'या जागी शून्याचा अर्थ काय होता?' हा आहे. मोगऱ्याच्या त्या चित्रात कागद करडा होता. देठाची व पाकळ्यांच्या सावलीची छटा त्या विद्यार्थिनीने कागदाकडूनच घेतली होती, आणि पाकळ्यांच्या कडांवरील शुभ्र एकाच जातीचा व सर्व फुलांवर सारखा होता. राखावयाचे ते तिने राखले होते. फक्त ते पांढरे नव्हते, करडे होते. परीक्षकाला ते दिसले नाही, कारण त्याची दृष्टी सूत्रावर होती, चित्रावर नव्हती.