श्यामचे घर आणि आमचे घर

साने गुरुजींचे नाव निघाले की मराठी वाचकाला दोनच गोष्टी आठवतात : आई आणि अश्रू. मराठी शाळांत शिकलेल्या आम्हा मुसलमान मुलांनाही ‘श्यामची आई’ अशीच शिकवली गेली. धडा संपला की बोध काय, हा प्रश्न ठरलेला. बोध लिहिता लिहिता एक गोष्ट निसटली. हे पुस्तक संस्कारांची पोथी होण्याआधी एका ओढगस्तीच्या घराची हकिकत आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातील पालगडला झाला. घराणे खोताचे, पण श्यामला कळू लागेपर्यंत वैभव ओसरले होते आणि कर्ज वाढत होते. आई 1917 साली गेली. सोळा वर्षांनी, 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी त्या घराच्या आठवणी लिहून काढल्या. इतक्या अंतरावरून त्यांना मुलामा देणे सोपे होते. आईच्या प्रेमाला तो त्यांनी थोडाफार दिलाही असेल. घराच्या परिस्थितीला दिला नाही. सावकाराचा माणूस दारात येऊन नको ते बोलतो. जप्तीची दवंडी गावात पिटली जाते. भाजीत मीठ नाही हे वडील बोलत नाहीत. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. पोहायला घाबरणारा श्याम लपून बसतो आणि आईचा मार खातो. पुस्तकांच्या ओढीने तो पाहुण्याचे पैसेही चोरतो. अमळनेरच्या शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाने मुलांपुढे आपली चोरी सांगावी, याला धाडस लागते.

त्याहून मोठे धाडस आईविषयी आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीच्या म्हातारीला मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते, आणि परतल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. माया खरी आणि विटाळही खरा. जिला गुरू मानले, तिची ही मर्यादा गुरुजींनी खोडली नाही. मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले. ते त्या आंघोळीला दिलेले उत्तर होते, असे आम्ही मानतो.

आमच्या सभांतून गुरुजींचे नाव ‘इस्लामी संस्कृती’ या त्यांच्या पुस्तकासाठी आदराने घेतले जाते. ते योग्यच आहे. पण लेखक म्हणून त्यांच्याकडून घ्यायचा तो श्यामच्या घराचा खरेपणा.

सोलापूरला 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आमचे जगणे आम्हीच लिहू, असे तेव्हापासून आम्ही म्हणत आलो आणि लिहिलेही. मात्र बालपण लिहायला बसलो की हात आखडतो. ईदचा शीरखुर्मा येतो, शेजारच्या काकूंकडे गेलेले ताट येते, पाच वक्त नमाज पढणारे दादा येतात. अब्बांची उधारी, अम्मीने मोडलेल्या बांगड्या, मौलवीसाहेबांच्या छडीची भीती, अमक्या बिरादरीच्या घरी पाणी प्यायचे नाही ही कानात सांगितलेली ताकीद, हे सारे वगळले जाते.

कारण उघड आहे. श्यामच्या बापाच्या कर्जावरून कोणी कोकणातल्या साऱ्या ब्राह्मणांचा निवाडा केला नाही. आमच्या एका घरातली उणीव मात्र अख्ख्या समाजाच्या माथी मारली जाते. ही धास्ती खोटी नाही. लिहिताना आमच्याही मनात ती असते. पण तिच्यापायी आम्ही जे घर सजवून मांडतो, ते बाहेरच्याला पटत नाही आणि आमच्या मुलाला ओळखू येत नाही. त्याच्या घरी तर आजही वाण्याची वही असते.

पालगडचे ब्राह्मणाचे घर मोहल्ल्यातल्या मुलाला आपले वाटले ते बोधामुळे नव्हे. कर्जाची लाज दोन्हीकडे सारखीच होती, म्हणून. आमची अम्मी तिच्या मायेसह आणि तिच्या चुकांसह आम्ही लिहिली, तर कदाचित पालगडच्या एखाद्या मुलालाही ती आपल्या आईसारखी वाटेल.