विलापाची साक्ष : गिल्डास आणि बीड

ब्रिटनमधील रोमन सत्तेचा अस्त आणि अँग्लो-सॅक्सन राज्यांचा उदय यांच्या दरम्यानचा काळ इतिहासकाराला जितका अडचणीचा, तितकाच वाङ्मयाच्या अभ्यासकाला मोलाचा वाटावा. इ. स. ४०७ मध्ये तिसरा कॉन्स्टंटाइन ब्रिटनमधील सैन्य घेऊन गॉलमध्ये उतरला. ४१० मध्ये सम्राट होनोरियसने ब्रिटनच्या नगरांना आपल्या रक्षणाची तजवीज आपणच करावी असे कळविले, असे झोसिमस सांगतो. मात्र त्या आज्ञापत्रातील ब्रिटन हे खरोखर ब्रिटनच काय, याविषयीही विद्वानांत एकमत नाही. यापुढील स्थित्यंतराचे खुद्द ब्रिटन माणसाने केलेले सलग निवेदन एकच उरले आहे : सहाव्या शतकातील गिल्डास या धर्मपुरुषाचा ‘ब्रिटनच्या विनाशाविषयी’ हा लॅटिन ग्रंथ.

या ग्रंथाविषयी इतिहासकारांची तक्रार जुनी आहे. त्यात सन नाहीत. पाचव्या शतकाच्या कथनात व्यक्तिनामे जेमतेम दोन. इ. स. १२२ च्या सुमारास बांधू लागलेली हेड्रियनची भिंत गिल्डास रोमन लोकांच्या अखेरच्या निरोपाशी नेऊन जोडतो. ही तक्रार खोटी नाही. पण ज्या ग्रंथाच्या ११० प्रकरणांपैकी इतिहासाला पहिली २६ च लाभली, आणि उरलेली सर्व स्वकालीन राजे व धर्मगुरू यांच्या धिक्काराला वाहिलेली आहेत, त्याला सदोष इतिहास म्हणणे म्हणजे विलापिकेला कुळकथा मानून तिच्यात वंशावळ शोधणे होय. गिल्डासचा आदर्श हिब्रू संदेष्टा यिर्मया हा आहे, आणि हे तो लपवीत नाही. आपल्या लोकांना तो आजचे इस्राएल समजतो. ज्यांना देवाने आपले म्हटले त्यांनाच तो शिक्षा करतो, या श्रद्धेवर त्याची सारी कठोर वाणी उभी आहे. त्याच्या आत्मनिंदेत एक अभिमान दडलेला आहे. तो ज्याला ऐकू येत नाही त्याला गिल्डास केवळ कडवट वाटेल.

त्याच्या भाषेकडेही बारकाईने पाहिले पाहिजे. रोम जाऊन शतक लोटल्यावर हा मनुष्य लांबलचक, वळणावळणांची, अलंकारांनी जड झालेली लॅटिन वाक्ये लिहितो. त्या वाक्यांचा कंटाळा येतो हे मान्य. परंतु ती वाक्ये लिहिता येण्यासाठी कुठेतरी जुन्या पद्धतीचा वक्तृत्वाचा शिक्षक शिल्लक असला पाहिजे. सॅक्सनांना भाडोत्री रक्षक म्हणून ठेवले गेले त्या प्रसंगी करार, रसद, मासिक शिधा यांसाठी रोमन लष्करी कारभारातले रूढ शब्द त्याच्या लेखणीतून सहज उतरतात. त्यांच्या तीन गलबतांसाठी तो त्यांच्याच बोलीतील शब्द देतो, आणि लगेच ‘आमच्या भाषेत’ त्याला काय म्हणतात तेही सांगतो. ती ‘आमची’ भाषा लॅटिन आहे. रोमन ब्रिटन नेमके कधी संपले या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. या एका सर्वनामाइतका बोलका पुरावा त्यात क्वचितच सापडतो.

आता दोनशे वर्षांनी पुढे येऊन नॉर्थंब्रियातील जॅरोच्या मठात बसलेल्या बीड या भिक्षूकडे वळू. त्याने इ. स. ७३१ मध्ये ‘इंग्लिश लोकांचा धर्मेतिहास’ पाच भागांत पुरा केला. गिल्डासचे कथन त्याने घेतले, काही ठिकाणी शब्दशः घेतले, आणि त्यात जे नव्हते ते घातले. अनाम ‘गर्विष्ठ जुलमी राजा’ बीडकडे व्हॉर्टिजर्न झाला. हेंगिस्ट व होर्सा अवतरले. अँगल, सॅक्सन व जूट अशी तीन कुळे ठरली. आगमनाला ४४९ हा सन मिळाला. भिंतीची उंची बारा फूट व रुंदी आठ फूट असल्याचे तो नोंदवतो, कारण ती त्याच्या शेजारीच उभी होती. माहितीच्या शिस्तीत बीड गिल्डासहून कितीतरी श्रेष्ठ आहे.

परंतु गिल्डासची पुढची चौऱ्याऐंशी प्रकरणे त्याने सोडून दिली, आणि इथेच खरी उलथापालथ होते. त्या प्रकरणांत पाच राजांना नावानिशी फटकारणारा, पश्चात्तापाची वाट अद्याप खुली आहे असे सांगणारा गिल्डास होता. तो गेल्यावर उरली ती पापांची यादी. तिचा हवाला देताना बीड गिल्डासला ‘त्यांचा’ इतिहासकार म्हणतो. मग स्वतःच्या पदरचे आणखी एक पाप जोडतो, ते असे की या ब्रिटनांनी सॅक्सनांना कधी धर्मोपदेश केला नाही. देवाने मात्र इंग्लिशांना टाकले नाही. गिल्डासचे निवडलेपण इंग्लिशांकडे गेले, शिक्षा ब्रिटनांकडे राहिली. आईने स्वतःच्या मुलाला दिलेला शिव्याशाप शेजाऱ्याने चावडीवर साक्ष म्हणून वाचून दाखवावा, तसे हे झाले.

बीड दुष्ट होता असे मला म्हणावयाचे नाही. त्याच्याइतका सौम्य लेखक त्या युगात विरळा. सॅक्सनांनी लावलेल्या आगीला जेरुसलेम जाळणाऱ्या खाल्डियनांची उपमा देताना तो आपल्याच पूर्वजांना त्या क्रूरांच्या पंक्तीस बसवितो, हे विसरून चालणार नाही. पण तोच बीड चेस्टरच्या लढाईत राजा एथेलफ्रिथने बँगोरचे सुमारे १२०० भिक्षू कापून काढले त्याची हकिगत सांगतो तेव्हा ती ऑगस्टिनच्या भविष्यवाणीची पूर्तता ठरते. मारणारा मूर्तिपूजक, मरणारे ख्रिस्ती. तरीही करुणरसाला तिथे जागा मिळत नाही. घेतलेल्या चौकटीने कवेत घेतलेल्या माणसावर मात केल्याचे हे उदाहरण मला बीडच्या ग्रंथातील सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते.

पुरातत्त्वाने या दोघांनाही आता बाजूला सारले आहे, असे अधूनमधून ऐकू येते. चेडवर्थच्या रोमन वाड्यातील एक चित्रफरशी पाचव्या शतकाच्या मध्याची असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. म्हणजे सर्वत्र एकाच दिवशी अंधार पडला नव्हता. २०२२ मधील प्राचीन जनुकांच्या अभ्यासात पूर्व व दक्षिण इंग्लंडमधील तत्कालीन लोकांचा सरासरी ७६ टक्क्यांपर्यंत वंशांश उत्तर समुद्रापलीकडचा निघाला, आणि त्याच दफनभूमींत स्थानिक व संमिश्र वंशाची माणसेही शेजारी शेजारी आढळली. म्हणजे स्थलांतर मोठे होते, पण नुसत्या कत्तलीची कथा पुरी पडत नाही. हाडे हे सांगतात. ज्यांच्यावर ते गुदरले त्यांनी त्याला काय अर्थ दिला, हे त्यांना सांगता येत नाही.

एक्झेटरच्या दहाव्या शतकातील हस्तलिखितात भग्न नगरावरची एक जुनी इंग्लिश कविता आहे. ती बहुधा बाथवर असावी. तिचे पानही आगीने खाल्लेले आहे. कवीला ते दगड राक्षसी पुरुषांनी रचलेले वाटतात. राक्षस आणि कवी यांच्यामध्ये त्या नगरात कोणी ब्रिटन राहत होता, याची तिथे खूण नाही.

गिल्डासचा स्वर मात्र एका आडवाटेने परतला. ७९३ मध्ये लिंडिस्फार्नवर नॉर्स चाच्यांचा घाला आल्यानंतर आल्क्विनने आपल्या पत्रव्यवहारात त्याचे स्मरण केले. आणि १०१४ च्या सुमारास, डेन लोकांनी देश खिळखिळा केला असताना, यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याने इंग्लिश भाषेत प्रवचन लिहिले. त्यात गिल्डासचे नाव घेऊन तो सांगतो, की ब्रिटनांनी पापांपायी हा देश इंग्लिशांच्या हाती घालविला. या वेळी ‘आपण’ कोण हे त्याच्या श्रोत्यांना विचारावे लागले नसेल.